गोदाकाठचं गणित

माजलगावहून पाथरीकडे निघालं की वाटेत गोदावरी लागते. अलीकडचा काठ आमच्या बीड जिल्ह्याचा, पलीकडचा परभणीचा. या पट्ट्याबद्दल लिहायचं म्हणजे दुष्काळ, ऊसतोड आणि निवडणुका, अशी आता सवयच पडली आहे. मी या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवत निवृत्त झाले. मला या काठाची आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सोळाव्या शतकात गणित आणि ज्योतिष जिथे पिढ्यान्‌पिढ्या, क्रमानं आणि खोलात शिरून शिकवलं जात होतं, अशी दोन गावं याच पाण्यावर आहेत. एक पार्थपूर, म्हणजे आजची पाथरी. दुसरं गोलग्राम, म्हणजे गोदेच्या उत्तर काठचं गोळेगाव, असं अभ्यासक मानतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा जो मोठा इतिहास मराठीत प्रसिद्ध केला, त्यात ही घराणी ओळीनं भेटतात. दीक्षित स्वतः शिक्षक होते. त्यांच्या लेखनात ते जाणवतं. कोणी कोणाकडून काय शिकलं, हे ते कधी सोडत नाहीत.

या सगळ्यांचा मूळ पुरुष भास्कराचार्य. त्यांच्या गावावरून वाद आहे आणि त्या वादात बीडही आहे. भास्कराचार्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, की आपला जन्म शके 1036 चा, म्हणजे इसवी सन 1114 चा, आणि गाव सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड. सतराव्या शतकातला टीकाकार मुनीश्वर हे गाव गोदावरीच्या जवळ सांगतो. त्यावरून काहींनी विज्जडविड म्हणजे बीड असं मांडलं. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं 1587 साली ‘लीलावती’ फारसीत नेली, तिथे हे गाव बेदर म्हणून आलं आहे. पण दगडावरचा पुरावा चाळीसगावजवळच्या पाटणच्या बाजूनं आहे आणि तो भक्कम आहे. बीडच्या माणसाला हा वाद जिंकावासा वाटणं साहजिक आहे. मला त्यात फारसं मन घालावंसं वाटत नाही. ते कुठे जन्मले यापेक्षा ते कसे शिकवत आणि ती रीत कुठे कुठे टिकली, हे माझ्या कामाचं आहे. आणि ती रीत आमच्या दारात टिकली, याबद्दल वाद नाही.

‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला तेव्हा भास्कराचार्य 36 वर्षांचे होते. साल 1150. त्याचे चार भाग मानतात: लीलावती म्हणजे अंकगणित, मग बीजगणित, मग ग्रहगणित, मग गोलाध्याय. हा नुसता विषयांचा क्रम नाही. गोलाध्यायात त्यांनी स्पष्ट बजावलं आहे, की ज्याला व्यक्त आणि अव्यक्त, म्हणजे अंकांचं आणि बीजाचं, अशी दोन्ही गणितं कळतात आणि ज्याचं व्याकरण पक्कं आहे, तोच ज्योतिष शिकायचा अधिकारी. बाकीचे नावापुरते ज्योतिषी. शिक्षक म्हणून मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. कारण इथे ‘अधिकार’ वरच्या पायरीवर चढताना खालची पायरी तपासून ठरतो. व्याकरणाची अट ऐकून काहींना नवल वाटेल. वर्गात शाब्दिक उदाहरणापाशी अडलेली मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वाटणार नाही. अर्ध्याअधिक मुलांना बेरीज येत असते; वाक्य लागत नसतं.

‘लीलावती’ उघडली की पहिल्यांदा गणित येतच नाही. येतात मापं. कवडी, काकिणी, पण, द्रम्म, निष्क. मग वजनं, मग लांबी, धान्य, काळ. त्यानंतर एकं-दहं-शतं. त्यानंतर आठ क्रिया: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन, घनमूळ. मग त्याच आठ क्रिया अपूर्णांकांवर. मग शून्यावर. मग कुठे व्यस्तविधी, इष्टकर्म, त्रैराशिक, व्याजाचे हिशेब, श्रेढी, क्षेत्रफळं, खणलेल्या खड्ड्याचं आणि रचलेल्या विटांचं माप, लाकूड कापण्याची मजुरी, धान्याच्या राशी, सावली, कुट्टक. प्रत्येक ठिकाणी आधी सूत्र, लगेच उदाहरण. उदाहरण विचारताना समोरच्याला कधी ‘बाले’ म्हणतात, कधी ‘सखे’. लेकीच्या लग्नाची घटिका चुकल्याची जी कथा लीलावतीच्या नावाशी जोडली गेली, ती फैजीच्या फारसी प्रस्तावनेतून आलेली आहे. ती खरी असो-नसो, शिकणारा माणूस समोर बसला आहे असं धरून लिहिलेलं हे पुस्तक आहे, हे मात्र पानोपानी दिसतं. ना. ह. फडके यांच्या ‘लीलावती पुनर्दर्शन’मुळे माझ्यासारख्या संस्कृत जेमतेम येणाऱ्या बाईलाही ते वाचता आलं.

त्यातलं एक उदाहरण माझ्या वर्गात कायम असे. कमळांची एक रास आहे. तिचा तिसरा भाग शंकराला वाहिला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा भवानीला. उरलेली 6 कमळं गुरूच्या चरणी. तर एकूण कमळं किती? इष्टकर्म म्हणजे सोयीची एक संख्या मनानं धरायची. आम्ही 60 धरतो, कारण तिला 3, 5, 6, 4 या सगळ्यांनी भाग जातो. तिसरा भाग 20, पाचवा 12, सहावा 10, चौथा 15, बेरीज 57. उरली 3. पण उरायला हवीत 6. तिनाला 60, तर सहाला किती? 120.

या एका उदाहरणात किती पायऱ्या आहेत पाहा. तिसरा भाग म्हणजे काय, हे कळलं पाहिजे. भागाकार आला पाहिजे. चारही संख्यांनी भाग जाणारी संख्या शोधता आली पाहिजे. ‘उरलेली’ या शब्दानं वजाबाकी सुचली पाहिजे. शेवटी त्रैराशिक. मूल अडतं ते यांपैकी एका ठिकाणी, आणि घरी जाऊन सांगतं, की मला गणित येत नाही. मी फळ्यावर उत्तर मांडून दाखवलं तर ते मान हलवेल, वहीत उतरवूनही घेईल. अडलेली जागा तशीच राहील. म्हणून मी उदाहरण शेवटाकडून उलगडत असे. आधी नुसतं ‘तिनाला 60, तर सहाला किती’. ते आलं, तर ‘60 मधून 57 गेले’. तेही आलं, तर ‘60 चा पाचवा भाग’. जिथे हात थांबेल तिथे बसायचं. बहुतेक मुलांचा हात पाचव्या भागापाशी थांबे. ‘पाचवा’ म्हटलं की ती पाचच्या क्रमांकाचं फूल शोधायची.

भास्कराचार्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते ती सगळ्यांत मोठी. आपल्याच ग्रंथावर त्यांनी ‘वासनाभाष्य’ लिहिलं. वासना म्हणजे इथे उपपत्ती, रीत अशी का आहे त्याचं कारण. गोलाध्यायात ते म्हणतात, की उपपत्ती ठाऊक नसलेल्या गणकाला जाणत्यांच्या सभेत वजन येत नाही, आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. दुसरा भाग मला अधिक भिडतो. रीत पाठ असते, उत्तर बरोबर येतं, तरी मनात कुठेतरी खुटखुट राहते. ज्याला ती खुटखुट जाणवते तोच पुढे शिकतो. त्याच ग्रंथाच्या शेवटाकडे प्रश्नाध्याय आहे: नुसते प्रश्न, आपलं शिकणं आपणच पारखून घ्यायला.

पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यानं पाटणला मठ उभारला, आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं 9 ऑगस्ट 1207 रोजी, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाला, त्या मठाला उत्पन्न तोडून दिलं. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. पण उत्पन्नाची कलमं आली की भाषा मराठी होते, कारण ती बाजारातल्या माणसाला कळायला हवी होती. पाटणच्या पेठेत माल विकला की त्यावरचं ठरावीक देणं मठाला. गावात जेवढे घाणे चालतील तेवढ्यांकडून पळीपळी तेल मठाला. गणित शिकवायला दिवे लागत होते, आणि ते तेल तेल्याच्या घाण्यातून येत होतं.

या कलमापाशी मी नेहमी थबकते. आमच्या शाळेत तेली, वंजारी, धनगर, मातंग, लमाण अशा सगळ्या घरांची लेकरं होती. घाण्यावर राबणाऱ्याचं पोर त्या मठात शिकायला बसत नव्हतं. त्याची आई-बहीण तर नाहीच. ही विद्या मोजक्या ब्राह्मण घराण्यांतून बापाकडून मुलाकडे गेली. तिची थोरवी सांगताना हे सांगितलं नाही, तर आपण निम्मंच सांगितलं असं होईल.

आता पुन्हा गोदाकाठी. पाथरीच्या ज्ञानराजानं 1503 साली ‘सिद्धान्तसुंदर’ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास यानं भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 1538 मध्ये आणि लीलावतीवर 1541 मध्ये टीका लिहिल्या. हाच सूर्यदास, ज्यानं सुलट वाचलं तर रामाची आणि उलट वाचलं तर कृष्णाची कथा निघेल असं काव्य रचलं. बुद्धीची एवढी चपळाई असलेला माणूस दुसऱ्याचा ग्रंथ ओळीओळीनं सोपा करत बसला, याचं मला फार अप्रूप वाटतं. टीका म्हणजे दोष काढणं असा अर्थ आता रूढ झाला आहे. त्या काळचा टीकाकार सूत्र आणि शिकणारा यांच्यामधली फट बुजवत असे. सूत्र मुद्दाम आखूड असतं, पाठ व्हावं म्हणून. त्यामुळे त्यात गाळलेलं पुष्कळ असतं. ते भरून काढणं हेच त्याचं काम.

गोलग्रामची कथा याहून सुंदर आहे. कोकणात मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा गणेश दैवज्ञ. त्यानं 1520 मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिला. ग्रहांची गणितं करायला लागणारी ज्या-कोज्यांची किचकट आकडेमोड त्यानं पार टाळली. पंचांग करणाऱ्यांची केवढी सोय झाली! महाराष्ट्रभर आणि बाहेरही ग्रहलाघव घरोघर गेला. मात्र सोयीबरोबर एक पोकळीही आली. रीत हाती आली, पण ती कशातून निघाली हे दिसेनासं झालं. गणेशाला हे कळत नव्हतं असं नाही. त्यानंच 1545 मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही उपपत्तींनी भरलेली टीका लिहिली. पण ग्रहलाघवातली पोकळी भरली ती गोलग्रामकरांनी. तिथला दिवाकर हा गणेशाचा शिष्य. त्याच्या मुलांपैकी मल्लारीनं ग्रहलाघवाच्या प्रत्येक रीतीची उपपत्ती सांगणारी टीका लिहिली. दुसरा मुलगा विश्वनाथ यानं तोच ग्रंथ घेतला आणि पायरीपायरीनं सोडवलेली उदाहरणं लिहिली. एका भावाकडे ‘का’, दुसऱ्याकडे ‘कसं’. दोघांनी एकाच पुस्तकाभोवती बसून शिकणाऱ्याच्या दोन वेगळ्या अडचणी वाटून घेतल्या. उपपत्ती लिहिणाऱ्याचं नाव मोठं होतं, हे ठीकच. माझा जीव मात्र विश्वनाथावर आहे. सोडवलेलं उदाहरण लिहिताना एकही आकडा गाळता येत नाही. ‘हे तर कळेलच’ असं म्हणून पुढे जाता येत नाही.

हे घराणं पुढे काशीला गेलं. दिवाकराचा नातू नृसिंह 1586 चा; त्यानं भास्कराचार्यांच्या वासनाभाष्यावर पुन्हा वार्तिक लिहिलं, 1621 मध्ये. म्हणजे मूळ ग्रंथ, त्यावर स्वतः ग्रंथकर्त्याचं भाष्य, आणि त्या भाष्यातही जे राहिलं त्यावर पावणेपाचशे वर्षांनी गोदाकाठच्या माणसाचं वार्तिक. नृसिंहाचा मुलगा कमलाकर; त्याचा ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ 1658 चा, काशीतला.

अवघड विषयाची अशी मांडणी फक्त ज्योतिषातच झाली असं नाही. अंबाजोगाईचे दासोपंत सोळाव्या शतकातले. त्यांनी पंचीकरणासारखा वेदान्तातला क्लिष्ट विषय पासोडीवर, म्हणजे जाड सुती कापडावर, लिहून काढला. सुमारे 40 फूट लांबीचं ते कापड अंबाजोगाईत जपलेलं आहे. सबंध विषय डोळ्यांपुढे एका पटावर यावा, कशातून काय निघतं ते सलग दिसावं, अशी ती योजना. बीडच्या प्रत्येक शिक्षकानं ते एकदा पाहावं.

बाजारातलं गणित मात्र वेगळ्या वाटेनं टिकलं. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर, आणि त्याहून जास्त तोंडी. पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे. माझे आजोबा आष्टी तालुक्यात कड्याला आडतीवर हिशेब लिहीत. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात आणि नगर इंग्रजांच्या. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. 7 हालीला साधारण 6 कलदार असा भाव. माल नगरच्या पेठेत जायचा, पैसा कलदारात यायचा, आणि वाटणी हालीत करायची. आजोबांना त्रैराशिक हा शब्द माहीत होता की नाही कोण जाणे. सात-सहाचा हिशेब ते आण्यापैपर्यंत तोंडी करत. मला औटकी त्यांनीच शिकवली, मी शाळेत जायच्या आधी.

1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले. रुपयाचे 16 आणे गेले, शेर-मण गेले. दशमान पद्धत हवीच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिच्याबरोबर पावकी-निमकी शाळेतून उठली, आणि तिच्या जागी काही बसवलं नाही. अपूर्णांक आधी कानात असायचा, मग पाटीवर यायचा. आता तो एकदम पुस्तकात, आडव्या रेघेच्या वरखाली दोन आकडे होऊन भेटतो. चौथी-पाचवीपासून मुलं गणिताला घाबरतात त्याचं एक मोठं कारण हे आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि बीडमध्ये याच्यावर आणखी एक भार आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या उठतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, एक जोडपं म्हणजे एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. वडवणी, धारूर, शिरूर, पाटोदा इकडच्या कित्येक वाड्या-तांड्यांत मागे म्हातारी माणसंच उरतात. लेकरं सोबत जातात किंवा आजीजवळ राहतात. ती परत येतात तेव्हा कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात आणि शाळेचं वर्षही संपत आलेलं असतं. मधल्या काळात वर्गात जे शिकवून झालं, ते त्यांच्या वहीत नाही. आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यांत पुन्हा तेच. अपूर्णांकाचा धडा ज्या महिन्यांत येतो, त्या महिन्यांत मूल दरवर्षी फडावर असेल, तर सातवीपर्यंत पोचूनही अपूर्णांक त्याला कोणी शिकवलेलाच नसतो. त्याला ‘कच्चा’ म्हणणं हा अन्याय आहे. हंगामी वसतिगृहं झाली, साखरशाळा झाल्या. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं वयाप्रमाणे वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचंही मान्य केलं. त्यांतून खूप लेकरं सावरली. पण वयाप्रमाणे वर्ग मिळाला तरी सुटलेली पायरी कोणती, हे प्रत्येकाजवळ बसूनच शोधावं लागतं.

शोधायला गेलं की नवलाच्या गोष्टी सापडतात. माझ्याकडे आलेली एक मुलगी, सातवीतली, कागदावर तीन पाव लिहू शकत नव्हती. पण फडावरचा हिशेब तिच्या तोंडावर होता. गाडीत किती टन बसला, भाव काय, मुकादमाचं कमिशन जाऊन आईबापाच्या वाट्याला किती, उचलीतून किती फिटलं. हे त्रैराशिकच की! भास्कराचार्य म्हणतात, सगळं अंकगणित त्रैराशिकानं व्यापलेलं आहे. तिची वरची पायरी पक्की होती आणि मधली गायब होती. म्हणून आम्ही तिच्या टनापासून खाली उतरलो: अर्धा टन, पाव टन, पाऊण टन. पावकी म्हटली, आधी तोंडी, रोज. मग तेच आडव्या रेघेनं लिहिलं. मग वेगवेगळ्या छेदांची बेरीज. मग कमळं. तिनं 60 धरले नाहीत, 120 च धरले, आणि 6 उरलेले पाहून म्हणाली, “बाई, हे तर आधीच आलं.” मग तिलाच विचारलं, की दुसरी कोणतीही संख्या धरली तरी उत्तर तेच का येतं? हा उपपत्तीचा प्रश्न. तो तिनं दोन दिवस डोक्यात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी टनाच्याच भाषेत सोडवला: माल दुप्पट झाला तर प्रत्येकाचा वाटाही दुप्पट होतो, उरलेलाही; म्हणून हिस्सा बदलत नाही.

निवृत्तीनंतर मी अशा मुलांसाठी सोडवलेल्या उदाहरणांच्या वह्या लिहायला घेतल्या आहेत, विश्वनाथाच्या रीतीनं, एकही आकडा न गाळता. उदाहरणं टनाची, कोयत्याची, किराणा दुकानाच्या उधारीची, बाजरीच्या पायलीची. डाव्या पानावर ‘कसं’, उजव्या पानावर ‘का’. प्रत्येक वहीच्या शेवटी नुसते प्रश्न. आमच्या भागातल्या एका हंगामी वसतिगृहात संध्याकाळी त्या वापरतात, आणि मूल जिथे अडलं तिथे तिथल्या ताई पेन्सिलीनं खूण करून वही माझ्याकडे परत पाठवतात. त्या खुणा पाहून मी पुढची आवृत्ती लिहिते. मापं आणि आठ क्रिया झाल्या आहेत. अपूर्णांकांची वही दुसऱ्यांदा लिहून झाली, कारण पहिल्या वहीत छेद सारखे करण्यापाशी खुणांची गर्दी झाली होती. व्याजाची सध्या चालू आहे. उचलीवरचं व्याज तिच्यातच येतं, आणि ते उदाहरण सोडवायला मुलांबरोबर त्यांच्या आयाही बसतात.